पाहुणा कीं परका?

विद्यार्जनासाठीं समुद्रपर्यटन करणें ही गोष्ट आपल्या समाजांत एके काळीं मोठ्या धाडसाची मानली जात असे. आनंदीबाई जोशी वैद्यकाचें शिक्षण घेण्यासाठीं १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांच्या जाण्याची केवढी चर्चा झाली! ती स्थिति आतां पालटली आहे. ज्या घरांतून मागच्या पिढीचा मुलगा पुण्यामुंबईस शिकावयास निघाला म्हणजे आईच्या डोळ्यांना पाणी येई, त्याच घरांतून आज मुलगे व मुली मेलबर्न, टोरांटो, बोस्टन, लंडन अशा शहरीं जातात, आणि शेजारीपाजारी पेढे मागावयास येतात. या पालटाचा आम्हांस आनंदच वाटतो. ज्ञान जेथें असेल तेथें जाऊन तें घेऊन यावें, यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाहीं.

परंतु पेढे वाटण्याच्या त्या दिवशीं एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. फी किती, पदवी कोणती, पुढें नोकरी मिळेल कीं नाहीं, हे प्रश्न सर्वजण विचारतात. मोठें संकट कोसळलें तर त्या परक्या मुलखांत या मुलाचा वाली कोण, हा प्रश्न मात्र मनांत आला तरी अशुभ म्हणून ओठांवर येऊं दिला जात नाहीं. २०२० सालच्या महासाथीनें हा प्रश्न सर्व जगास एकदम विचारला. त्याचीं जीं उत्तरें मिळालीं, त्यांचा विचार आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं शांतपणें करावा, एवढ्याचसाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों. आमचें मत आरंभींच स्पष्ट सांगतों. जो देश व जें विद्यापीठ परदेशस्थ विद्यार्थ्याची फी घेतें, त्यांच्यावर त्या विद्यार्थ्याच्या संकटकाळाचा भारही पडतो. सुखाच्या दिवसांत पाहुणा व दुःखाच्या दिवसांत परका, असा दुहेरी हिशेब न्यायाचा नव्हे.

प्रथम काय घडलें तें पाहूं. २०१९ च्या अखेरीस चीनमधील वूहान शहरीं कोविड-१९ या रोगाचा उगम दिसून आला, आणि ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास महासाथ म्हटलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत देशामागून देश आपले दरवाजे लावून घेऊं लागले. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांस १० मार्च रोजीं कळविलें कीं, वसतिगृहें १५ मार्चपर्यंत रिकामीं करावीं. ज्यांना जाण्यास ठिकाण नाहीं त्यांनीं तेथेंच राहण्याची परवानगी अर्ज करून मागावी, अशी सोय होती हें खरें. पण पांच दिवसांत बाडबिस्तरा बांधून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास जाणें म्हणजे काय, हें ज्याचें घर त्याच गांवांत आहे त्यास कळणें कठीण. इकडे भारतानें २२ मार्चपासून परदेशची विमानवाहतूक थांबविली व २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी पुकारली. म्हणजे जेथें राहत होते तेथून निघा असें सांगणारे एका बाजूस, आणि घराचें दार लागलेलें दुसऱ्या बाजूस, अशी हजारों भारतीय विद्यार्थ्यांची स्थिति झाली.

या सर्व देशांत ऑस्ट्रेलियाचें उदाहरण विशेष विचार करण्याजोगें आहे. त्या देशांत परदेशस्थ विद्यार्थी हा केवळ शिष्य नव्हे, तर मोठ्या उत्पन्नाचें साधन होता. लोखंडाचें खनिज, कोळसा व नैसर्गिक वायु यांच्या पाठोपाठ, परदेशांकडून पैसा मिळवून देणारा चौथा मोठा व्यवसाय म्हणजे शिक्षण, असा तेथील हिशेब होता. या विद्यार्थ्यांत चीनच्या खालोखाल संख्या भारताची होती. स्थानिक विद्यार्थ्यापेक्षां कितीतरी अधिक फी भरून हीं मुलें येत. वर्ग चालूं असतांना पंधरवड्यास ४० तास काम करण्याची त्यांस मुभा असे. त्या तासांत उपाहारगृहांत भांडीं घासून, दुकानांत माल मांडून वा घरोघर जेवण पोंचवून तीं आपलें भाडें व पोट भागवीत.

मार्च २०२० मध्यें उपाहारगृहें बंद झालीं आणि पहिल्याच तडाख्यास या मुलांचीं कामें गेलीं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें नोकरी टिकविण्यासाठीं कामगारांमागें पंधरवड्यास १,५०० डॉलर देण्याची उदार योजना काढली. परंतु तात्पुरत्या व्हिसावर राहणारे, अर्थात् परदेशस्थ विद्यार्थी, तींतून वगळले गेले. ३ एप्रिल २०२० रोजीं तत्कालीन पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनीं सांगितलें कीं, ज्या पाहुण्यांना व विद्यार्थ्यांना स्वतःचा खर्च चालवितां येत नाहीं, त्यांनीं आतां आपल्या घरीं परतावें. वाचकांनीं तारखा ताडून पाहाव्या. ३ एप्रिल रोजीं भारताचें आकाश बंद होतें. अडकलेल्या भारतीयांना आणणारीं ‘वंदे भारत’ मोहिमेचीं विमानें ७ मेपासून सुरू झालीं, आणि त्यांचें भाडेंही प्रवाशांनाच भरावें लागलें. मग ज्याच्या खिशांत भाड्यास पैसे नाहींत, त्यानें त्या महिन्यांत घरीं परतावें तें कसें?

या धोरणाच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. सरकार हें प्रथम आपल्या नागरिकांचें. तिजोरी अमर्याद नाहीं. शिवाय विद्यार्थ्यानें व्हिसा मागतांना, पहिल्या वर्षाचा खर्च भागविण्याइतकें द्रव्य आपणांजवळ आहे, असें लिहून दिलेलें असतें. यांपैकीं पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तिसऱ्याचा मात्र विचार व्हावा. तें वचन नेहमींच्या दिवसांचें होतें. त्या वचनाबरोबरच, तुला इतके तास काम करतां येईल, असें त्या देशानेंही सांगितलें होतें. आणि तें काम विद्यार्थ्याच्या आळसानें गेलें नव्हतें, सरकारच्याच हुकुमानें बंद झालें होतें. शिवाय महासाथ एकाच गांवीं आलेली नव्हती. मेलबर्न येथें मुलाचें काम गेलें, त्याच आठवड्यांत इकडे बापाचें दुकान टाळेबंदींत बंद पडलें. मुलाच्या शिक्षणासाठीं ज्यांनीं बँकेचें कर्ज काढलेलें, त्यांनीं आणखी पैसे आणावे कोठून?

तिजोरीचें कारण पुढें करणाऱ्यांस कानडाचें उदाहरण दाखवितां येईल. त्या देशानेंही त्याच महिन्यांत उत्पन्न बुडालेल्यांसाठीं महिना २,००० डॉलरची योजना काढली. परंतु मागील वर्षांत ५,००० डॉलर मिळविले असल्यास व इतर अटी पूर्ण होत असल्यास परदेशस्थ विद्यार्थ्यासही तिचा लाभ घेतां येत होता. ज्यानें येथें राबून कर भरला, तो संकटांत येथलाच, हा त्यामागील सरळ न्याय होता. खुद्द ऑस्ट्रेलियांतही सर्वांचीं मनें सारखीं नव्हतीं. व्हिक्टोरिया राज्यानें संकटांत सांपडलेल्या परदेशस्थ विद्यार्थ्यांस ११०० डॉलरपर्यंत मदत देऊं केली; आणि मेलबर्नमध्यें शीख स्वयंसेवकांनीं गाड्या भरून तयार जेवण वांटलें. तें जेवण घेणाऱ्यांत, कालपर्यंत स्वतः दुसऱ्यांच्या दारीं जेवण पोंचविणारे विद्यार्थी होते. अन्न वांटणाऱ्यांनीं कोणाचा व्हिसा पाहिला नाहीं, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों.

या कथेचा पुढील भाग अधिक बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियानें २० मार्च २०२० रोजीं लावलेला दरवाजा परदेशस्थ विद्यार्थ्यांसाठीं १५ डिसेंबर २०२१ रोजीं उघडला. जवळजवळ पावणेदोन वर्षें नवे विद्यार्थी आले नाहींत. आणि तेव्हां ध्यानांत आलें कीं, दुकानांत, उपाहारगृहांत, वृद्धांच्या शुश्रूषागृहांत काम करावयास माणसें पुरत नाहींत. जानेवारी २०२२ मध्यें त्याच पंतप्रधानांनीं जाहीर केलें कीं, जे विद्यार्थी पुढील आठ आठवड्यांत येतील त्यांची व्हिसाची फी परत केली जाईल. कामाच्या तासांची मर्यादाही कांहीं काळ उठविण्यांत आली. एप्रिल २०२० मध्यें ‘परत जा’, जानेवारी २०२२ मध्यें ‘लवकर या’! विद्यार्थी तोच, देश तोच, मंत्रीही तेच. फरक इतकाच कीं, पहिल्या वेळीं विद्यार्थ्यास देशाची गरज होती आणि दुसऱ्या वेळीं देशास विद्यार्थ्याची. पाहुणा व परका या दोन शब्दांमधील अंतर गरजेच्या दोरीनें मोजावयाचें असेल, तर आतिथ्य या शब्दास अर्थच उरत नाहीं.

आतां ज्यांना घरीं परततां आलें त्यांची कथा ऐका. फेब्रुवारी २०२० च्या आरंभीं एअर इंडियाच्या विमानांनीं वूहानहून ज्या भारतीयांना परत आणलें, त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. भारतांत आढळलेला पहिला रुग्ण, ३० जानेवारी २०२० रोजीं केरळांत नोंदलेला, हाही वूहानहून परतलेला विद्यार्थीच होता. चीनमधील विद्यापीठांत त्या काळीं सुमारें २३,००० भारतीय विद्यार्थी होते व त्यांपैकीं बहुतेक वैद्यक शिकत होते. मार्च २०२० च्या अखेरीस चीननें परदेशीयांस प्रवेश बंद केला. भारतीय विद्यार्थ्यांस व्हिसा देण्यास पुनः आरंभ झाला तो ऑगस्ट २०२२ मध्यें. या अडीच वर्षांत या मुलांनीं शरीरशास्त्र, शल्यतंत्र, प्रसूतिशास्त्र हे विषय घरच्या खोलींत पडद्यावर पाहून शिकावे, अशी अपेक्षा होती. रोग्याच्या नाडीवर बोट ठेवल्यावांचून वैद्य होतां येत नाहीं, हें सांगावयास पंडिताची आवश्यकता नाहीं. म्हणूनच जुलै २०२२ मध्यें आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें, शेवटच्या वर्षांत असतांना परतून पदवी पूर्ण केलेल्यांना परीक्षेस बसूं दिलें, तरी एका वर्षाच्या ऐवजीं दोन वर्षें रुग्णालयांत उमेदवारी करण्याची अट घातली. रुग्णांच्या दृष्टीनें ही अट योग्यच. परंतु फी मुलांनीं भरली, वर्षेंही मुलांचींच गेलीं, आणि अपुऱ्या शिक्षणाची भरपाईही मुलांनींच केली, हें विसरतां येत नाहीं.

इतर विषयांच्या विद्यार्थ्यांचें हाल याहून सौम्य, पण तेही थोडे नव्हते. मेलबर्न येथें उन्हाळ्यांत सकाळीं नऊ वाजतां व्याख्यान सुरू होतें, तेव्हां आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. बोस्टन येथें उन्हाळी वेळेप्रमाणें दुपारीं तीनचा वर्ग म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीचे साडेबारा. नाशिक-सोलापुरास आपल्या घरीं बसून रात्रीं परदेशांत शिकणारा व दिवसा स्वदेशांत झोपणारा विद्यार्थी धड तेथलाही राहिला नाहीं, धड येथलाही राहिला नाहीं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, गुरूशीं वर्गाबाहेर होणारें बोलणें, निरनिराळ्या देशांतील सोबत्यांचा सहवास, ज्यांच्यासाठीं घर सोडावयाचें तें सर्व वजा होऊन पडद्यावरील व्याख्यान तेवढें उरलें. फी मात्र अनेक ठिकाणीं पूर्वीचीच राहिली.

विद्यापीठांनीं मनावर घेतलें तर काय होऊं शकतें, याचाही पुरावा याच वर्षानें दिला आहे. ६ जुलै २०२० रोजीं अमेरिकेच्या सरकारी खात्यानें हुकूम काढला कीं, ज्या परदेशस्थ विद्यार्थ्यांचे सर्व वर्ग ऑनलाईन होतील त्यांनीं देश सोडावा, किंवा जेथें प्रत्यक्ष वर्ग भरतात अशा विद्यालयांत जावें. त्या देशांत अशा विद्यार्थ्यांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. दोनच दिवसांनीं हार्वर्ड विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्सची तंत्रशास्त्रसंस्था यांनीं बोस्टनच्या न्यायालयांत फिर्याद लावली. इतर अनेक विद्यापीठांनीं त्यांची बाजू उचलली. आणि १४ जुलै रोजीं सरकारनें तो हुकूम मागें घेतला. आठ दिवसांत हें घडलें. मार्च महिन्यांत वसतिगृह रिकामें करावयास सांगणाऱ्या विद्यापीठानेंच जुलै महिन्यांत आपल्या परक्या विद्यार्थ्यांसाठीं स्वतःच्या सरकारशीं झगडा केला, हें आम्हांस स्मरणीय वाटतें. त्यांत विद्यापीठांचा स्वार्थही होता असें कोणी म्हणेल. असेना! ज्या स्वार्थानें दुर्बळाचें रक्षण होतें, तो स्वार्थ आम्ही दोषार्ह मानीत नाहीं.

येथवर आम्हीं परक्यांचे गुणदोष पाहिले. आतां स्वतःच्या दाराकडेही पाहिलें पाहिजे. आपलें पुणें शहर हेंही आफ्रिका, अफगाणिस्तान व पश्चिम आशिया येथील विद्यार्थ्यांचें परदेश आहे. ते आपल्या देशाची फी भरतात, आपल्या घरमालकांना भाडें देतात, आणि टाळेबंदी झाली तेव्हां त्यांचींही घरें समुद्रापलीकडे होतीं. याहूनही लाजेची गोष्ट ही कीं, २०२० च्या मार्च महिन्यांत, आपल्याच देशाच्या ईशान्य भागांतून शिकावयास आलेल्या मुलामुलींना केवळ चेहरेपट्टीवरून रोगाचें नांव घेऊन हिणविण्याचे प्रकार आपल्या शहरांत घडले, आणि केंद्रीय गृहमंत्रालयास त्याविषयीं सर्व राज्यांना सूचना धाडावी लागली. मेलबर्नच्या रस्त्यांत आपल्या मुलास कोणी परका म्हटलें तर आपला जीव तुटतो. मग आपल्या गल्लींत राहणाऱ्या मणिपूरच्या मुलीच्या आईचा जीव तुटत नसेल काय? ज्याला बाहेर न्याय मागावयाचा आहे त्यानें तो घरीं देण्यास आरंभ करावा.

मग करावें काय? परदेशीं जाऊंच नये, असें सांगणारे आम्ही नव्हे. संकटाच्या भीतीनें दार लावून बसणाऱ्या घरांत रोग येत नाहीं असें नाहीं. ज्ञान मात्र खात्रीनें येत नाहीं. परंतु जाणें डोळस असावें. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, फीचा आंकडा विचारतांना त्याच पत्रांत आणखी कांहीं गोष्टी विचाराव्या. वसतिगृह बंद करण्याची वेळ आली तर दूरदेशच्या विद्यार्थ्याची सोय कोण व कोठें करील? वर्ग पडद्यावर भरवावे लागले तर फीमध्यें सूट मिळेल काय, व प्रात्यक्षिकांचें काय होईल? अडचणींतील विद्यार्थ्यासाठीं विद्यापीठाचा मदतनिधि आहे काय, व तो परदेशस्थासही मिळतो काय? आरोग्याचा विमा कशाकशास पुरतो? ऑस्ट्रेलियासारख्या देशांत असा विमा सक्तीचाच आहे. पण विमा औषधास पुरतो, अन्नास व भाड्यास पुरत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. मुलाच्या पोटाचा सर्व हिशेब तेथें मिळणाऱ्या कामावर बांधूं नये. परतीचें भाडें व कांहीं महिन्यांची बेगमी, थोडें कर्ज कमी काढून किंवा एक वर्ष उशिरानें जाऊनही, बाजूस ठेवावी. पोंचल्याबरोबर भारतीय वकिलातींत नांव नोंदवावें. संकटांत सरकारला जीं नांवें ठाऊक असतात त्यांचाच शोध आधीं लागतो.

हे प्रश्न एकट्या पालकानें विचारले तर विद्यापीठ कदाचित् उत्तर देणार नाहीं. शंभर पालकांनीं विचारले तर त्यास उत्तर छापून ठेवावें लागेल. आणि आपल्या सरकारनें, विद्यार्थ्यांच्या देवघेवीचे करार परराष्ट्रांशीं करतांना, संकटकाळीं निवारा, अन्न व परतीची वाट यांविषयीं एक कलम घालावयास लावलें, तर त्यासारखें दुसरें संरक्षण नाहीं. हा कोणाकडे मागितलेला उपकार नव्हे. जो फी घेतो त्यानें पावती द्यावयाची असते. त्या पावतीवर एवढी एक ओळ अधिक असावी, इतकीच मागणी आहे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कांहींजण आणखी चार-पांच वर्षांनीं परदेशच्या विमानांत बसाल. तुम्ही जाल तेव्हां ताठ मानेनें जा. तुम्ही कोणाच्या दारीं भिक्षेस चाललेले नाहीं, विद्येचें मोल देऊन विद्या घ्यावयास चालला आहां. परंतु जे येथेंच राहतील त्यांचें कामही लहान नाहीं. तुमच्या वर्गांत, तुमच्या आळींत, दूरच्या प्रांतांतून किंवा दूरच्या देशांतून आलेलें एखादें मूल असेल. त्याला तुमची भाषा येत नसेल, तुमचें जेवण रुचत नसेल. त्याचें नांव नीट उच्चारावयास शिका, सणास घरीं बोलवा, आजारी पडलें तर विचारपूस करा. महासाथ पुनः केव्हां येईल हें कोणास सांगतां येत नाहीं. पण ती आली तर, या गांवांत माझें कोणी आहे, असें त्या मुलास वाटलें पाहिजे. तें आजपासून तुमच्या हातीं आहे.